सन्मानपटावर एकच नाव

हिकरी रिजवरची माणसं एकमेकांना लांबून कापडावरून ओळखत. उत्तर अलाबामातल्या त्या डोंगरावर घरोघर माग होता आणि प्रत्येक बाईच्या हाताची तऱ्हा वेगळी होती. हंडलींच्या कापडात निळा पट्टा असे. स्टार्न्सांचं कापड साधं, मेंढीच्या अंगावर असतं त्याच रंगाचं. केझाया प्रुइटचा चौकडा अक्रोडाच्या सालीत रंगवलेला, मधून मंजिष्ठेचा एकच लाल धागा. दोन शेतं पलीकडे कुणी पाठमोरा दिसला तरी माणूस छातीठोक सांगे, हा प्रुइटांपैकी आहे. सरकारी गणवेश येतील येतील म्हणता अमेरिकेतल्या उत्तर-दक्षिण यादवी युद्धाची दोन वर्षं गेली. ते काही आले नाहीत. दक्षिणेच्या फौजेतली ही रिजची कंपनी आपापल्या आयांच्या आणि बायकांच्या कापडातच लढत होती.

आणि कशी लढत होती, हे त्या फौजेत कुणालाही विचारावं. अठराशे एकसष्ट साली रिजवरून चौऱ्याण्णव जण खाली उतरले. शायलोच्या लढाईत, पीचच्या बागेत, त्यातले बावीस कामी आले, मर्फ्रीझबरोच्या लढाईत कडाक्याच्या थंडीत आणखी सतरा. गोवर आणि जुलाबाने नेले ते वेगळेच. रेजिमेंटच्या रांगेत ही कंपनी मधोमध उभी राहायची, म्हणजे झेंडा तिच्याजवळ. जिथे झेंडा तिथे समोरच्याचा नेम, एवढं साधं गणित होतं ते. पण जागा बदलून घ्या असं कर्नलने एकदा सुचवलं, तेव्हा रिजवाले इतके भडकले की त्याने पुन्हा तो विषय काढला नाही. बाकीच्या कंपन्या त्यांना शिष्ट म्हणायच्या. त्यांना ते आवडायचं.

युद्ध कशासाठी चाललंय, हे मात्र रिजवर फारसं कुणी उकरून काढत नसे. उत्तर सगळ्यांना ठाऊक होतं आणि ते तोंडाने म्हणायला अडचणीचं होतं. डोंगरावर गुलाम कुणाकडेच नव्हते. खाली नदीकाठच्या कापसाच्या मळ्यांत होते, आणि ज्या मळ्यात वीस गुलाम त्याच्या मालकाला घरी राहायची कायद्यानेच सूट होती. ते ऐकून रिजवाले शिव्या देत, थुंकत, आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा रांगेत उभे राहत. कारण शेजारी शेजारचा माणूस उभा असे. त्यांचा अभिमान त्या शेजाऱ्यापुरताच होता, पण तेवढा अस्सल होता.

एनॉक प्रुइट या कंपनीचा पहिला सार्जंट. वय अठ्ठावीस, घरी असताना लोहार. सकाळ-संध्याकाळ हजेरी घेणं, पहारे लावणं, कुणी चुकला तर त्याला हजर करणं हे त्याचं काम. नियमाला तो इतका पक्का की त्याच्या सख्ख्या भावानेही एकदा पहाऱ्याला उशीर केला म्हणून आठवडाभर लाकडं फोडली होती. हा भाऊ लायज. एकोणीस वर्षांचा, तोंडाळ, हसरा, कंपनीचा लाडका. आई केझायाने दोघांना एकाच मागावरचे कोट घालून पाठवलं होतं आणि निघताना एनॉकला एवढंच म्हणाली होती की धाकट्याला सांभाळ.

चिकामॉगाच्या लढाईत एनॉकला ते जमलं नाही.

सप्टेंबरातला रविवार होता. आदल्या दिवशी जंगलात दिवसभर लढाई झाली होती, शेकोट्या पेटवायला बंदी होती, आणि सकाळी गवतावर पांढरं दव गोठलं होतं. सगळ्यांच्या घशाला कोरड पडली होती, म्हणून लायज आपण होऊन अकरा जणांच्या पाण्याच्या बाटल्या गळ्यात अडकवून ओढ्याकडे गेला. दुपारपर्यंत ना तो परतला, ना हुकूम आला. हुकूम आला तेव्हा एकदम आला, आणि रेजिमेंट झाडीतून बाहेर पडून उताराच्या शेतात शिरली. वर कुंपणाआड चार तोफा होत्या. पहिल्या शंभर पावलांत झेंडेवाला सार्जंट पडला, मग त्याचा कॉर्पोरल, मग आणखी दोघं. झेंडा जमिनीला टेकला आणि रांग थबकली.

अशा वेळी थबकलेली रांग मागेच जाते. एनॉकने ते दोनदा पाहिलं होतं. पण डाव्या टोकाकडून कुणीतरी धावत आलं, त्याने झेंडा उचलला, आणि मागे न बघता तो एकटा धुरात वर निघाला. सगळ्यांना दिसली ती त्याची पाठ. तपकिरी चौकडा, लाल धागा.

"लायज आहे तो, आपला लायज," कुणीतरी ओरडलं, आणि अख्खी कंपनी त्या पाठीमागे धावली. कंपनीमागे रेजिमेंट आली. चारही तोफा हाती लागल्या. झेंडा एका तोफेच्या चाकाला टेकवलेला मिळाला, दांडी हाताच्या उंचीवर फुटलेली. पण तो आणणारा तिथे नव्हता. धुरात कुणाचा पायपोस कुणाच्या पायात नव्हता, तोफांभोवती माणसं एकावर एक पडली होती, आणि संध्याकाळपर्यंत दुसऱ्याच रेजिमेंटच्या लोकांनी तिथले मुडदे एका लांब चरात पुरून टाकले. एनॉकने दोन दिवस शोधलं. शेवटी चरापाशी टोपी काढून उभा राहिला आणि लायज इथेच आहे असं त्याने मनाशी ठरवलं.

त्या आठवड्यात तो जितका रडला तितकीच त्याची छातीही फुगली, आणि यात काही विसंगत आहे असं त्याला वाटलं नाही. आईला त्याने चार पानं लिहिली. झेंडा कसा पडला, लायज कसा धावला, साडेतीनशे माणसं एकट्या तुझ्या पोराच्या पाठीमागे कशी गेली. खोटं एक अक्षर लिहिलं नाही, निदान त्याच्या समजुतीप्रमाणे.

फौज चॅटनूगा शहराला वेढा घालून डोंगराच्या कडेला बसली. पाऊस, चिखल, आणि मक्याची सुकी भाकरी. त्यातच ऑक्टोबरात तो हुकूम वाचला गेला. शौर्याची पदकं द्यायचं सरकारने ठरवलं होतं, पण पदकं ओतायला धातू नव्हता आणि कारागीरही नव्हते. म्हणून पदकाऐवजी सन्मानपट. जिंकलेल्या प्रत्येक लढाईनंतर प्रत्येक कंपनीतल्या शिपाई-सार्जंटांनी बहुमताने आपल्यातला एक माणूस निवडायचा. त्याचं नाव राजधानीत लिहून ठेवलं जाणार, वर्तमानपत्रात छापलं जाणार आणि फौजेतल्या प्रत्येक रेजिमेंटसमोर मोठ्याने वाचलं जाणार. एका कंपनीमागे एकच नाव. अधिकाऱ्यांनी मधे पडायचं नाही.

रिजच्या कंपनीत चर्चा अशी झालीच नाही. लायज प्रुइट, दुसरं कोण. मतदान पुढच्या शनिवारी संध्याकाळच्या परेडला होतं, पण लोक आधीच एनॉकचा हात हातात घेऊन जात होते. त्याच दिवसांत आईचं उत्तर आलं. एनॉकचं पत्र पाद्रीबाबांनी चर्चमध्ये उभं राहून वाचलं, असं तिने लिहिलं होतं. बायका रडल्या. ती नाही रडली. "लोक म्हणतात धीर धर, पण मला धीर कशाला हवा, माझी मान या डोंगरावर कधी नव्हे एवढी ताठ झाली आहे," असं तिच्या वाकड्यातिकड्या अक्षरात होतं. एनॉकने ते पत्र घडी करून टोपीच्या अस्तरात ठेवलं.

गुरुवारी दुपारी आयझम त्याच्याकडे आला. आयझम म्हणजे कंपनीचे कॅप्टन लँगडन यांचा गुलाम. कॅप्टनचं घर खाली नदीकाठी होतं, तिथून त्यांनी त्याला स्वयंपाकाला आणि घोड्याला म्हणून बरोबर आणलं होतं. येतोस का, असं त्याला कुणी विचारलं नव्हतं. लढाईत कॅप्टनना मांडीत गोळी लागली, आयझम त्यांच्याबरोबर इस्पितळात गेला, आणि महिन्याभराने त्यांचं सामान न्यायला आता परत आला होता. त्याने पत्र्याचा एक पेला पुढे केला. तळाशी खिळ्याने अक्षरं कोरलेली होती. ला. प्रु.

"हे तुमच्या भावाचं, सार्जंटसाहेब. घरी पोचवायला हवं म्हणून जपून ठेवलं."

एनॉकने विचारलं, तोफांपाशी सापडलं का. आयझमने मान हलवली. तोफांपाशी नाही, ओढ्यावर. तोही सकाळी कॅप्टनसाठी पाणी आणायला गेला होता. सूर्य झाडांच्या वर यायच्या आत कुठूनसा तोफेचा गोळा फुटला आणि लायज पाण्यातच आडवा झाला. सगळ्या बाटल्या गळ्यात तशाच. बोलला नाही, विव्हळला नाही. आयझमने त्याला काठावर ओढलं आणि एका मोठ्या सिकमोरच्या झाडाखाली हातांनी आणि तव्याने माती उकरून पुरलं.

"अंगात कोट नव्हता त्यांच्या. नुसता सदरा. गारठा होता, म्हणून मी माझं कांबळं घातलं वरून."

दुपारी झेंडा घेऊन धावणारा माणूस सकाळी मेला होता. एनॉकने हळू आवाजात विचारलं, हे आणखी कुणाला सांगितलंस.

"मला कोण विचारतंय, साहेब," आयझम म्हणाला. "आणि माझं धरतंय कोण?"

ते खरंच होतं. त्या मुलखातल्या कुठल्याही कचेरीत गोऱ्या माणसाच्या बाबतीत गुलामाची साक्ष धरत नसत. म्हणजे सत्य सांगणारा एकच माणूस होता आणि त्याच्या बोलण्याला किंमत नव्हती. एनॉक गप्प बसला असता तर जगात कुणालाही काही कळलं नसतं. हे त्याच्या ध्यानात यायला वेळ लागला नाही, आणि ध्यानात आलं याचीच त्याला लाज वाटली. आयझम पुढच्याच महिन्यात कॅप्टनचा घोडा घेऊन नदी ओलांडून, गुलामांना मोकळं करणाऱ्या उत्तरेच्या फौजेकडे निघून गेला. शाबास म्हणावं असंच ते होतं, पण एनॉकला तसं म्हणता यायला पुढे बरीच वर्षं लागली.

कोट कुणाच्या अंगात होता, एवढंच आता शोधायचं होतं. लढाईनंतर कंपनीतले जखमी सात. त्यातल्या सहा जणांना तो भेटून आला होता. सातव्याला भेटायला कंपनीतलं कुणीच गेलं नव्हतं.

सातवा म्हणजे ओबेड स्टार्न्स. जूनमध्ये ओबेड रजा न घेता घरी गेला होता. बायको झिल्फा बाळंत झाली होती, गहू उभा होता, कापायला कुणी नव्हतं. तीन आठवड्यांनी गहू आत टाकून तो आपल्या पायांनी परत आला. दुसऱ्या एखाद्या रेजिमेंटमध्ये त्याला गोळी घातली असती. इथे त्याला तळ काढलेलं पिंप अंगात घालून दहा दिवस छावणीभर फिरवलं आणि गळ्यात पाटी लटकवली, 'पळपुटा'. पाटी एनॉकने स्वतः रंगवली होती, अक्षर चांगलं म्हणून. त्यानंतर ओबेडच्या शेकोटीशी कुणी बसेना. रिजवर झिल्फाचंही तेच झालं. चर्चमध्ये तिच्या बाकावर कुणी बसत नाही, मीही जागा बदलली, असं आईनेच उन्हाळ्यात लिहिलं होतं. ओबेड जखमी झाला हे कळल्यावर कंपनीत लोक म्हणाले होते, पाठीला लागली असेल.

शुक्रवारी एनॉक सहा मैल चालत मागच्या खेड्यात गेला. तिथल्या चर्चमधली बाकं काढून इस्पितळ केलं होतं. ओबेड भिंतीशी पेंढ्यावर पडला होता. डावा हात कोपराखाली नव्हता. डोक्याखाली घडी करून ठेवलेलं तपकिरी चौकड्याचं कापड होतं.

"सार्जंट आले," ओबेड म्हणाला. "नवी पाटी आणलीत की जुनीच?"

"कोट तुझ्याकडे कसा आला, ओबेड?"

"चोरला असं म्हणायचंय का?"

"तसं म्हणायचं असतं तर पाटी आणली असती."

ओबेड जरा हसला. मग त्याने अर्धंमुर्धं सांगितलं. त्या रात्री हिवतापाने दात वाजत होते, पोरानं अंधारात कोट दिला, बास. सकाळी त्याच्याकडे वळून बघणारं कुणी नव्हतंच. झेंडा का उचललास, यावर तो म्हणाला की खाली पडला होता, कुणीतरी उचलायलाच हवा होता. वर गेल्यावर गोळी दांडीतून हातात शिरली. झेंडा चाकाला टेकवला, आणि मग रक्त थांबवायला कुणी भेटेल म्हणून तो खाली चालत सुटला. डॉक्टरने मनगटातून लाकडाची बोटभर ढलपी काढली होती. ती खिडकीत होती. दात कोरायला बरी, असं तो म्हणाला.

एनॉकने विचारलं, मग इतके दिवस बोलला का नाहीस. शेजारी पडलेल्या माणसाकडून लायजची वाहवा तुझ्या कानावर आली असेलच.

"आली ना. म्हटलं, असू दे. मी जिवंत आहे, सार्जंट. मेलेल्याला दुसरं काय देणार? आणि रिजवर माझ्या नावावर विश्वास ठेवणार कोण? तुमच्या आईला पोराचं नाव तरी राहू दे."

"आणि झिल्फा?"

"तिला सवय झालीय," असं म्हणून ओबेडने तोंड भिंतीकडे फिरवलं.

निघताना एनॉकने त्याची नजर चुकवून खिडकीतली ढलपी खिशात टाकली. सहा मैलांच्या वाटेत दोन ओढे लागतात. दोन्ही ओढ्यांवर तो थांबला. ढलपी पाण्यात सोडली की संपलं. ओबेडची हरकत नाही, आयझमला कुणी विचारत नाही, लायज त्याच्या आईला कायमचा मिळतो. टोपीच्या अस्तरातलं पत्र त्याला पाठ होतं. मान ताठ झाली आहे, असं लिहिलेली म्हातारी बाई आता त्याच चर्चमध्ये, त्याच लोकांसमोर मान कशी वर करणार? ज्याने तिला सांगितलं तोच आता काढून घेणार. दुसऱ्या ओढ्यावर तो इतका वेळ उभा राहिला की एका गाडीवानाने त्याला बरं आहे ना असं विचारलं.

शनिवारी संध्याकाळी कंपनी उभी राहिली. एकतीस माणसं. लेफ्टनंट बॅस्कमने हुकुमाचा कागद वाचला आणि मतदान तुमचं तुम्ही करा म्हणून तो बाजूला झाला. चव्वेचाळीस वर्षांचा जेसप हंडली कंपनीत सगळ्यात वडील, सगळ्यांचा जेसप काका. त्याने टोपी काढली आणि लायज प्रुइटचं नाव घेणार एवढ्यात एनॉक रांगेतून पुढे आला.

त्याने जे कळलं ते सरळ सांगितलं. ओढा, आयझम, कांबळं, कोट. ऐकताना लोकांचे चेहरे आधी कोरे झाले, मग कडू. मागून कुणीतरी म्हणालं की आता कॅप्टनच्या गुलामाच्या तोंडावर कंपनीचं मत ठरायचं का.

"त्याचं धरू नका, मग माझं धरा," एनॉक म्हणाला. "माझा भाऊ आहे. खोटं बोलून मला काय मिळणार?"

मग तो झेंड्यापाशी गेला. फुटलेली दांडी तशीच दोरीने आवळून ठेवली होती. त्याने दोरी सोडली आणि खिशातली ढलपी त्या फटीत बसवली. ती अशी बसली की सांधा कुठे आहे ते बोटाने शोधावं लागावं. एकेक जण पुढे येऊन बघून गेला. शायलोपासून या दांडीशेजारी उभी राहिलेली माणसं होती ती. त्यांना आणखी पुरावा नको होता.

तरी मत कुणी देईना. ओबेडला पाटी घातलेली पाहून हीच माणसं हसली होती. शेवटी जेसप काकाने एक वाट काढली. हुकुमात तशी सोय होती, बऱ्याच कंपन्या तसं करत होत्या. आम्ही सगळेच लढलो, कुणा एकाचं नाव देत नाही, असं लिहून द्यायचं. लायजचा अपमान नाही, ओबेडचाही नाही. आईच्या पत्रालाही धक्का नाही, असं तो एनॉककडे बघून हळूच म्हणाला. पुष्कळ माना डोलल्या. एनॉकला तर त्या क्षणी जेसप काकाला मिठी मारावीशी वाटली.

"काका, तू चांगल्या मनाने म्हणतोस," तो म्हणाला, "पण मग आपण काय केलं ते ऐक. झेंडा पडला तेव्हा आपण एकतीस जण उभे होतो. मीही होतो. मी बघत उभा होतो, पाय हलला नाही माझा. ज्याचा हलला त्याच्या गळ्यात मी पाटी घातली होती. आता त्याचं नाव घ्यायला जड जातं म्हणून कुणाचंच नको, असं म्हणायचं? गोळ्यांपुढे आपण कधी पाठ दाखवली नाही. ही दाखवली असं होईल."

एवढं बोलून तो उजवीकडे दहा पावलं चालत गेला आणि वळून उभा राहिला. "ओबेड स्टार्न्स," तो म्हणाला. "ज्याला पटतं त्याने इकडे यावं."

जेसप काकाने टोपी घातली, पुन्हा काढली, आणि आला. त्यामागून दोघं. मग एकदम सात-आठ. ज्याने गुलामाची साक्ष म्हणून टोमणा मारला होता तो सगळ्यात शेवटी आला, पण आला. लेफ्टनंट बॅस्कमने मोजायला सुरुवात केली आणि मग मोजायची गरज नाही म्हणून सोडून दिली. एनॉक त्या तीस जणांकडे बघत होता. फाटके, निम्मे अनवाणी, गालफडं बसलेली. या कंपनीत आपण सार्जंट आहोत याचा त्याला इतका अभिमान पूर्वी कधी वाटला नव्हता. चार तोफा घेतल्या त्या दिवशीसुद्धा नाही.

रविवारी तो पुन्हा चर्चमधल्या इस्पितळात गेला. ओबेड भडकला. कुणी सांगितलं होतं तुम्हाला, सार्जंट असून माझी ढलपी चोरता, म्हणून त्याने एनॉकला दोन शिव्या हासडल्या. मग कोण कोण आलं ते त्याने विचारलं. एनॉकने एकतीस नावं हजेरीच्या क्रमाने सांगितली, स्वतःच्या नावापासून. ओबेड छताकडे बघत सगळी ऐकत होता. मधे एकदा त्याने उरलेल्या हाताने डोळे पुसले आणि धुळीचं काहीतरी कारण सांगितलं.

मग तो म्हणाला की पत्र लिहायचं आहे. त्याला लिहिता येत नव्हतं. एनॉकला वाटलं झिल्फाला, म्हणून त्याने गुडघ्यावर कागद घेतला.

"झिल्फाला नाही. तिला नंतर. तुमच्या आईला," ओबेड म्हणाला. "आणि मी सांगतो ते लिहायचं. मधे हात घालायचा नाही."

एनॉक लिहू लागला.

"प्रुइट काकू, झेंडा लायजने नाही, मी नेला. हे तुम्हाला एनॉक लिहीलच. त्याला ते जड गेलं, त्याला रागावू नका. मला दुसरंच सांगायचं आहे. दोन-अडीच महिने कंपनीत माझ्याशी कुणी बोलत नव्हतं. त्या रात्री मी हिवतापाने थरथरत होतो, अंधारात पन्नास माणसं आजूबाजूला होती आणि सगळ्यांना माझे दात वाजलेले ऐकू येत होते. तुमचा लायज उठून माझ्याकडे आला. त्याने कोट काढला आणि लहान पोराला घालतात तसा माझ्या अंगात घातला. मी म्हटलं, पोरा, पळपुट्याला कोट देतोस, लोक काय म्हणतील. तर तो म्हणाला..."

ओबेड थांबला. "हे गाळलं तरी चालेल," तो म्हणाला.

"सांग."

"तो म्हणाला, पळपुटा परत येत नसतो, ओबेड. तू आलास. आमच्या एनॉकला हजेरी घेता येते, पण कोण आलाय ते कळत नाही त्याला."

एनॉकने ते जसंच्या तसं लिहिलं. एकही अक्षर त्याने गाळलं नाही. त्याचा धाकटा भाऊ ओढ्यावर पाणी भरताना मेला होता, आणि मरायच्या आदल्या रात्री पन्नास जणांना जे दिसलं नाही ते त्या एकट्याला दिसलं होतं. महिनाभर एनॉक झेंड्याच्या अभिमानाने रडला होता. आता तो रडला तो वेगळ्याच, फार मोठ्या अभिमानाने, आणि त्याची त्याला लाज वाटली नाही.

पत्राच्या शेवटी ओबेडने आपल्या नावाची फुली काढली. तिच्याखाली जरा जागा उरली होती. तिथे एनॉकने लिहिलं: "आई, ओबेड सांगतो ते सगळं खरं आहे. ती पाटी मीच लिहिली होती. रविवारी झिल्फाशेजारी बस."